सवलतीच्या यादीत एखाद्या प्रदेशाचं नाव घालायचं तर

अमेरिकेच्या जीएसपी यादीत, म्हणजे आयात शुल्कात सवलत मिळणाऱ्या विकसनशील देशांच्या आणि प्रदेशांच्या यादीत, हर्ड आणि मॅकडोनाल्ड बेटांचं नाव आहे. दक्षिण हिंदी महासागरातली ही ऑस्ट्रेलियाची बेटं. तिथे वस्ती नाही, कारखाना नाही. पेंग्विन आणि सील तेवढे आहेत. यादीत नाव येणं हा या कामातला सगळ्यांत स्वस्त भाग आहे, हे एवढ्यावरून कळावं. महागात पडतो तो दुसराच प्रश्न: त्या प्रदेशातून निघालेल्या मालाच्या उगमाच्या कागदावर सही-शिक्का कोणाचा, आणि समोरचं कस्टम्स तो मानणार का? हे ठरवल्याशिवाय गाठीभेटींना सुरुवात केली, तर मंत्र्यांचे फोटो छापून येतात आणि कंटेनर मात्र पूर्ण शुल्क भरूनच सुटतो.

इथे ‘प्रदेश’ म्हणजे ज्याला स्वतःचं प्रशासन आहे, बहुधा स्वतःचं सीमाशुल्क खातंही आहे, पण सर्वमान्य स्वतंत्र देशाचा दर्जा नाही असा भूभाग. परावलंबी बेटं, ताब्याखालचा भाग, फुटून निघालेला भाग, दोन देशांच्या सीमेवरचं औद्योगिक क्षेत्र हे सगळे यात येतात. अशा प्रदेशाच्या व्यापार खात्यात, निर्यातदारांच्या संघटनेत किंवा त्यांच्या वतीने सल्लागार म्हणून काम करणाऱ्यांनी कोणत्या क्रमाने पावलं टाकावीत, ते खाली दिलं आहे.

आधी दार ओळखा

दारं चार आहेत, आणि प्रत्येकाची किल्ली वेगळी.

पहिलं दार एकतर्फी योजनेचं. 1968 मध्ये नवी दिल्लीत अंक्टाडच्या (संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकासविषयक संस्था) दुसऱ्या परिषदेत जीएसपीचा ठराव झाला, 1971 मध्ये गॅटने (जागतिक व्यापार संघटनेच्या आधीची व्यवस्था) त्यासाठी सर्वांना समान वागणुकीच्या नियमातून दहा वर्षांची सूट दिली आणि 1979 च्या ‘एनेबलिंग क्लॉज’ने ती कायम झाली. इथे देणारा देश एकटा ठरवतो, त्यामुळे तुमच्या हातात सौदा नसतो, फक्त युक्तिवाद असतो. कायद्याची भाषा मात्र प्रदेशांना बऱ्यापैकी अनुकूल आहे. अमेरिकेच्या 1974 च्या व्यापार कायद्यात ‘देश’ या शब्दाच्या व्याख्येतच परदेशी राष्ट्राचे समुद्रापारचे परावलंबी प्रदेश घातलेले आहेत. युरोपीय संघाच्या 2012 च्या जीएसपी नियमावलीत (क्रमांक 978/2012) ‘देश’ म्हणजे सीमाशुल्क प्रशासन असलेले देश आणि प्रदेश, असं म्हटलं आहे. ‘सीमाशुल्क प्रशासन असलेले’ हे शब्द अधोरेखित करून ठेवा. सार्वभौमत्व मागितलेलं नाही. कस्टम्सचं काम चालवणारी यंत्रणा मागितली आहे. तुमची बाजू इथूनच मांडायला सुरुवात करायची.

दुसरं दार आधीच झालेल्या मुक्त व्यापार कराराच्या प्रादेशिक कलमाचं. कराराचा एक पक्ष म्हणतो, हा भूभागही आमच्यातच धरा. हे दार सर्वांत सोपं दिसतं आणि सर्वांत जास्त वेळा कोर्टात जातं. तिसरं दार ‘बाहेर केलेल्या प्रक्रियेचं’. प्रदेशाला लाभार्थी म्हणायचंच नाही, फक्त तिथे शिवलेला किंवा जोडलेला माल करारातल्या देशाचा धरायचा. उत्तर कोरियातल्या केसोंग औद्योगिक क्षेत्रासाठी, जिथे दक्षिण कोरियाच्या कंपन्या माल बनवत, दक्षिण कोरियाने हेच दार निवडलं. चौथं दार त्या प्रदेशापुरत्या खास नियमाचं, जसं युरोपीय संघाने 2000 पासून पश्चिम बाल्कनमधल्या देशांना आणि प्रदेशांना दिलं.

अर्ज करण्याआधी एक पानभर टिपण लिहा: कोणतं दार, त्याला कोणतं कलम लागू, आणि तिथे नकाराधिकार कोणाकडे? हा शेवटचा प्रश्न शैक्षणिक वाटतो, पण निकाल बहुतेक वेळा त्यावरच ठरतो. उत्तर सायप्रसशी (सायप्रस सरकारच्या ताब्यात नसलेला, तुर्की सायप्रियट प्रशासनाचा भाग) थेट व्यापाराचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने जुलै 2004 मध्ये मांडला. तो व्यापाराच्या कलमाखाली आणला तर बहुमत पुरतं. सायप्रसच्या प्रवेश कराराला जोडलेल्या दहाव्या प्रोटोकॉलखाली आणला तर सर्वांची संमती लागते, म्हणजे सायप्रसचीही. 2010 मध्ये युरोपीय संसदेच्या कायदाविषयक समितीने व्यापाराचा आधार चुकीचा ठरवला आणि प्रस्ताव तिथेच रुतला. याच्या उलट सर्बियातून फुटून निघालेलं कोसोवो. संघातले पाच देश (स्पेन, ग्रीस, रोमानिया, स्लोव्हाकिया, सायप्रस) त्याला मान्यता देत नाहीत. म्हणून त्याचा संघाशी व्यापार आणि सहकार्याचा ‘स्थिरीकरण आणि सहयोग करार’ फक्त संघाच्या अधिकारातल्या विषयांपुरता ठेवला, सदस्य देशांच्या संसदांकडे तो पाठवावाच लागला नाही, आणि 1 एप्रिल 2016 रोजी तो अमलात आला. लॉबिंगचा निम्मा जोर कलम निवडण्यात घालवावा, असं आमचं मत आहे.

विनंती कोणाच्या लेटरहेडवर जाणार

अमेरिकी कायद्यात राष्ट्राध्यक्षांनी विचारात घ्यायच्या मुद्द्यांमध्ये पहिलाच मुद्दा आहे: संबंधित देशाने आपल्याला लाभार्थी नेमावं अशी इच्छा व्यक्त केली आहे का? म्हणजे पत्र लागतंच. ते कोण लिहिणार?

परावलंबी प्रदेशाच्या वतीने सहसा सार्वभौम देश लिहितो, आणि पेच इथेच पडतो. 1969-70 च्या चर्चांमध्ये ‘स्व-निवड’ हे तत्त्व पुढे आलं: जो स्वतःला विकसनशील म्हणेल तो विकसनशील, देणाऱ्याला पटलं नाही तर त्याने वगळावं. हाँगकाँग स्वतः देश नव्हता, ब्रिटिश वसाहत होती. त्यामुळे त्याचं म्हणणं लंडनमार्फत जायचं, आणि लँकेशायरच्या कापड गिरण्यांना हाँगकाँगचा स्वस्त कपडा नको होता. ज्याने वकिली करायची त्याच्याच घरात विरोधी पक्षकार बसलेला. अशा वेळी सार्वभौम देशाच्या एका खात्यावर विसंबू नका. परराष्ट्र खातं, व्यापार खातं आणि वसाहतींचं किंवा बेटांचं खातं यांच्यात मतभेद असतातच. तुमच्या बाजूचं खातं कोणतं ते शोधा आणि मसुदा त्याच्याकडूनच पुढे सरकवा.

फॉकलंड बेटांची गोष्ट ताजी आहे. ब्रिटन युरोपीय संघात असेपर्यंत तिथला स्क्विड शुल्काविना स्पेनला जायचा. ब्रेक्झिटनंतरच्या व्यापार करारातून समुद्रापारचे ब्रिटिश प्रदेश बाहेर राहिले आणि 1 जानेवारी 2021 पासून त्या मासळीवर शुल्क लागू झालं. मोठ्या वाटाघाटीत छोट्या प्रदेशाचा मुद्दा शेवटच्या आठवड्यात सोडून दिला जातो. म्हणून सार्वभौम देशाकडून दोन गोष्टी लेखी घ्या. एक, व्यापारविषयक पत्रव्यवहार आणि तांत्रिक बैठकांसाठी प्रदेशाच्या प्रशासनाला दिलेला अधिकार, विषयांच्या यादीसकट. दोन, वाटाघाटीच्या कक्षात प्रदेशाचा एक माणूस शिष्टमंडळाचा सदस्य म्हणून बसेल याची हमी. ‘सल्लामसलत करू’ या शब्दांवर समाधान मानू नका.

वादग्रस्त प्रदेशात गणित उलटं होतं. तिथे सार्वभौम देश सही करायला तयार असतो, पण प्रदेशातल्या लोकांची संमती आहे का, हा प्रश्न उभा राहतो. मोरोक्कोच्या ताब्यातल्या पश्चिम सहाराबाबत युरोपीय न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये सांगितलं की मोरोक्कोशी झालेला करार त्या भूभागाला लागू नाही. मग पत्रांची देवाणघेवाण करून 2019 मध्ये तो लागू करण्यात आला. त्याआधी आयोगाने स्थानिक ‘लोकसंख्येशी’ सल्लामसलत केली होती. 4 ऑक्टोबर 2024 च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की तिथे राहणारी लोकसंख्या आणि स्वयंनिर्णयाचा हक्क असलेले लोक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोकांची संमती घेतलेली नव्हती. करार रद्द ठरला, परिणाम बारा महिने चालू ठेवण्यात आले. अशा प्रदेशासाठी काम करताना संमतीचा पुरावा फाइलच्या पहिल्या भागात हवा. बैठकांचे फोटो आणि उपस्थितीच्या सह्या म्हणजे संमती नव्हे.

मिळणार किती, ते आधी मोजा

बऱ्याच मोहिमा ज्या सवलतीसाठी चालतात ती सवलत किरकोळ असते. एक उदाहरण करून पाहा. सुती पुरुषी शर्टावर युरोपीय संघाचं सर्वसाधारण शुल्क 12 टक्के. साध्या जीएसपीत कपड्यांवरच्या शुल्कात 20 टक्के कपात मिळते, म्हणजे शुल्क 9.6 टक्के होतं. एक लाख युरोच्या मालावर 12,000 ऐवजी 9,600 युरो, बचत 2,400. यातून उगमाचे कागद, लेखापरीक्षण, वेगळा साठा ठेवण्याचा खर्च वजा करा. शिवाय ही बचत आयातदाराच्या हातात पडते, निर्यातदाराच्या नाही. भावात तिचा वाटा मागावा लागतो. जीएसपी प्लस (मानवाधिकार, कामगार, पर्यावरण यांचे आंतरराष्ट्रीय करार पाळणाऱ्यांसाठीची वरची पायरी) किंवा अल्पविकसित देशांच्या योजनेत हेच शुल्क शून्य होतं, तिथे 12,000 युरोसाठी धडपड करणं वेगळं.

तक्त्यात पाच रकाने करा: सहा अंकी एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), गेल्या तीन वर्षांची निर्यात, सर्वसाधारण शुल्क, सवलतीचं शुल्क, आणि तो माल उगमाचे नियम, म्हणजे माल कुठला धरायचा हे ठरवणारे नियम, पाळू शकतो का. ज्या ओळीत सर्वसाधारण शुल्कच शून्य आहे ती खोडा. पाचव्या रकान्यात ‘नाही’ असेल ती वेगळी काढा. हाती उरलेल्या ओळी सहसा वीसच्या आत येतात. पुढची सगळी मोहीम तेवढ्याच ओळींची.

पाचवा रकाना भरताना घाई होते आणि चुका तिथेच होतात. अमेरिकी जीएसपीत लाभार्थी प्रदेशातलं साहित्य आणि तिथल्या प्रक्रियेचा थेट खर्च मिळून किंमतीच्या किमान 35 टक्के हवा. युरोपच्या नियमांत अनेक कारखानी वस्तूंना बाहेरच्या साहित्याची मर्यादा 50 टक्के आहे, अल्पविकसित देशांना 70. कपड्यांत अल्पविकसित देशांनी आयात कापड शिवलं तरी चालतं, इतरांना सुतापासून कापड आणि कापडापासून कपडा असे दोन टप्पे करावे लागतात. छोट्या प्रदेशात सूतगिरणी नसतेच. तिथे यादीत नाव येऊनही शर्टाला काही मिळत नाही. अशा वेळी मागणी बदला: नाव घालण्याबरोबर शेजारच्या देशाचं कापड आपलं धरण्याची, म्हणजे ‘क्युम्युलेशन’ची मुभा मागा.

सही कोणाची

सायप्रसचा 1994 चा अनास्तासिऊ खटला इथे वाचलाच पाहिजे. उत्तर सायप्रसमधून येणाऱ्या लिंबूवर्गीय फळांना आणि बटाट्यांना तिथल्या प्रशासनाने दिलेली प्रमाणपत्रं ब्रिटिश कस्टम्स स्वीकारत होतं. न्यायालयाने ते थांबवलं: प्रमाणपत्र सायप्रस प्रजासत्ताकाच्या सक्षम अधिकाऱ्याचंच हवं. कारणही व्यवहाराचं होतं. उगमाची पद्धत दोन प्रशासनांच्या परस्पर विश्वासावर आणि नंतरच्या पडताळणीवर चालते. ज्याला मान्यता नाही त्याला पडताळणीचं पत्र कसं पाठवणार?

यावर तीन तोडगे चालून गेलेले आहेत.

पहिला, राजकीय नसलेली संस्था. सायप्रसच्या ग्रीन लाइन नियमावलीत (866/2004) सोबतचा दस्तऐवज तुर्की सायप्रियट चेंबर ऑफ कॉमर्स देतं. आयोगाने त्या चेंबरला हा अधिकार सायप्रस सरकारच्या सहमतीने दिला. सरकारने सरकारला ओळखायचा प्रश्नच आला नाही. चेंबर निवडताना तिच्याकडे सभासदांची नोंदवही, तपासनीस आणि कागदपत्रं जपून ठेवण्याची सोय आहे का हे पाहा, नसेल तर आधी उभी करा.

दुसरा, राजधानीत नोंदणी. मोल्डोव्हातून फुटून निघालेल्या ट्रान्सनिस्ट्रियातल्या कंपन्यांनी मोल्डोव्हाची राजधानी किशिनाऊमध्ये नोंदणी करायची आणि मोल्डोव्हाच्या यंत्रणेचे कागद वापरायचे, ही पद्धत 2006 पासून रुळली. युरोपीय संघ आणि मोल्डोव्हाचा मुक्त व्यापार करार 1 जानेवारी 2016 पासून ट्रान्सनिस्ट्रियालाही लागू झाला, तो या घडी बसलेल्या पद्धतीच्या जोरावर. ट्रान्सनिस्ट्रियाचं प्रशासन चालतं त्या तिरास्पोलने झेंडा, चलन, सीमेवरच्या चौक्या काही सोडलं नाही. शिक्का मात्र किशिनाऊचा.

तिसरा, जागेचं नाव लिहिणं. युरोपीय संघ आणि इस्रायल यांच्यात 1 फेब्रुवारी 2005 पासून तांत्रिक व्यवस्था लागू झाली: उगमाच्या प्रत्येक दाखल्यावर उत्पादनाच्या गावाचं नाव आणि पिनकोड. 1967 नंतर ताब्यात घेतलेल्या भागातला पिनकोड दिसला की सवलत नाही. ही पद्धत वगळण्यासाठी जन्मली, पण घेण्यासाठीही वापरता येते. पिनकोड असेल तर वादग्रस्त भागातला माल वेगळा मोजता येतो, आणि कस्टम्सला नेमकं तेच हवं असतं.

ब्रिटा प्रकरणात (2010) नेमकं काय बिघडलं तेही पाहा. वेस्ट बँकमधल्या मिशोर अदुमिम या इस्रायली औद्योगिक वसाहतीतला माल जर्मनीत आला. हॅम्बुर्गच्या कस्टम्सने इस्रायलला विचारलं, हा माल वसाहतींतला आहे का? उत्तर आलं की माल इस्रायली सीमाशुल्काखालच्या भागातला आहे. विचारलं त्याचं उत्तर नव्हतंच ते. न्यायालयाने हे अपुरं ठरवलं आणि सवलत गेली. पडताळणीच्या पत्राला बगल देणारं उत्तर नकारासारखंच वाचलं जातं.

कोणाच्या पोटावर पाय येतो

विरोधकांचा नकाशा समर्थकांच्या यादीआधी काढा. देणाऱ्या देशातला तोच माल बनवणारा उद्योग हा पहिला विरोधक. आधीपासून सवलत घेणारे स्पर्धक देश हा दुसरा; त्यांच्या सवलतीची किंमत तुमच्या प्रवेशाने घटते. तिसरा विरोधक प्रदेशावर दावा सांगणारा देश, ज्याला शुल्काशी देणंघेणं नसतं पण नकाशाशी असतं. तिघांना तीन वेगळी उत्तरं लागतात.

पाकिस्तानच्या सीमावर्ती भागासाठी अमेरिकेत ‘रिकन्स्ट्रक्शन ऑपॉर्च्युनिटी झोन’ची, म्हणजे तिथल्या ठरावीक मालाला शुल्काविना प्रवेश देण्याची, विधेयकं 2008 पासून मांडली गेली. हेतू सुरक्षेचा, पाठिंबा मोठ्या लोकांचा. तरी कापड उद्योगाला सांभाळताना मालाची यादी आखूड होत गेली, कामगार मानकांवरून रस्सीखेच झाली, जून 2009 मध्ये प्रतिनिधीगृहाने ते मंजूर केलं आणि सिनेटमध्ये ते विरून गेलं. ज्या मालात त्या भागाला काही करता आलं असतं नेमका तोच बाहेर राहिला, तर विधेयक पास होऊनही कोणाच्या हाताला काम लागलं नसतं.

घरच्या उद्योगाला द्यायचं उत्तर आकड्यात हवं: एकूण आयातीत आपला वाटा किती, आणि तो ठरावीक मर्यादेपुढे गेला तर आपोआप सवलत थांबवण्याची तयारी आहे, असं स्वतःहून लिहा. दावा सांगणाऱ्या देशासाठी ‘बाध न येण्याचं’ कलम. कोसोवोच्या नावाला जोडलेली तळटीप हा त्याचा चालता नमुना: हे नामाभिधान दर्जाबाबतच्या भूमिकांना बाध आणत नाही, आणि सुरक्षा परिषदेचा ठराव 1244 व आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत यांच्याशी सुसंगत आहे.

कागद

दोन कागद लागतात आणि त्यांची गल्लत करू नये. ‘नॉन-पेपर’ला लेटरहेड नसतं, सही नसते, तारीखही टाळतात; तो अधिकाऱ्याने टेबलावर ठेवून विचार करण्यासाठी असतो. ‘नोट व्हर्बाल’ अधिकृत असते, दूतावासाच्या शिक्क्याची, तृतीयपुरुषी. नोट आधी पाठवली की समोरच्याला अधिकृत उत्तर द्यावं लागतं, आणि घाईचं अधिकृत उत्तर बहुधा ‘नाही’ असतं. म्हणून नॉन-पेपर आधी. तोंडी होकाराचा सूर लागला की मग नोट.

नॉन-पेपर दोन पानांचा ठेवा. पहिल्या परिच्छेदात मागणी, कलमासकट. मग वर काढलेल्या ओळींचा तक्ता. मग उगमाची यंत्रणा: कोण देणार, कोण तपासणार, पडताळणीच्या पत्राला किती दिवसांत उत्तर. मग स्पर्धकांशी तुलना. शेवटी घालायचा मजकूर तयार करूनच द्या. तो साधारण असा असतो:

‘या नियमावलीच्या प्रयोजनासाठी अमुक सीमाशुल्क हद्दीत उगम पावलेला माल परिशिष्टातल्या अटींवर पात्र राहील. उगमाचा दाखला तमुक संस्था देईल व पडताळणीच्या विनंतीस तीच उत्तर देईल. या तरतुदीमुळे त्या हद्दीच्या दर्जाबाबत कोणाच्याही भूमिकेस बाध येणार नाही.’

‘अमुक देश आणि त्याच्या अखत्यारीतले सर्व भूभाग’ अशी मोघम शब्दरचना मान्य करू नका. राजकीय तडजोडीला ती सोयीची असते, पण बंदरावरच्या अधिकाऱ्याला ‘अखत्यार’ या शब्दाचा अर्थ लावावा लागतो आणि तो कधीच तुमच्या बाजूने लावत नाही.

इतिहास, अन्याय, स्वातंत्र्यलढा यांची पानं वेगळ्या पुस्तिकेत घाला. शुल्क विभागातला अधिकारी ती वाचत नाही, आणि राजकीय विभागातल्याने वाचली तर फाइल त्याच्याकडे जाऊन थांबते. फाइल शुल्क विभागातच राहील असं बघणं हे या कामातलं मोठं कसब.

राजधानीतले दरवाजे

ब्रुसेल्समध्ये मसुदा आयोगाच्या व्यापार महासंचालनालयात तयार होतो, उगमाचे नियम मात्र कर आणि सीमाशुल्क महासंचालनालयाकडे. या दुसऱ्या महासंचालनालयाकडे कोणी जात नाही, आणि मग शेवटच्या टप्प्यावर तिथूनच आक्षेप येतो. सदस्य देशांचे प्रतिनिधी व्यापार धोरण समितीत बसतात, संसदेची आंतरराष्ट्रीय व्यापार समिती वेगळी. जीएसपीच्या परिशिष्टातला बदल प्रत्यायोजित कायद्याने, म्हणजे आयोगाला सोपवलेल्या अधिकारात, झाला, तर संसद आणि परिषद यांना आक्षेपासाठी दोन महिने मिळतात. त्या दोन महिन्यांत दुभाष्यासह एक माणूस तिथे हजर हवा.

वॉशिंग्टनमध्ये व्यापार प्रतिनिधींच्या कार्यालयाची जीएसपी उपसमिती अर्ज तपासते, आणि नवा लाभार्थी नेमण्याआधी राष्ट्राध्यक्षांनी काँग्रेसला कळवावं लागतं. काम प्रतिनिधीगृहाची वेज अँड मीन्स समिती आणि सिनेटची फायनान्स समिती यांच्या कर्मचाऱ्यांकडे, सदस्यांकडे नंतर. या योजनेची मुदत 31 डिसेंबर 2020 रोजी संपली. बंद योजनेत नाव घालायला कोणी वेळ देत नाही, पण नूतनीकरणाच्या विधेयकात दोन ओळी घालून घेणं हाच तर खरा मोका.

तिथे वकील किंवा लॉबिंग फर्म नेमली की परदेशी एजंटांचा कायदा (फारा, 1938) लागू होतो. काम स्वीकारल्यापासून दहा दिवसांत नोंदणी, दर सहा महिन्यांनी खर्चाचा तपशील, आणि वाटलेल्या प्रत्येक पत्रकावर कोणाच्या वतीने हे लिहिलेलं. लॉबिंगच्या साध्या कायद्याखाली नोंद केली म्हणून सुटका होत नाही, कारण मुख्य लाभार्थी परदेशी सरकार असतं. प्रदेशाचं प्रशासन मान्यताप्राप्त नसलं तरी हे टळेल अशी आशा धरू नका. ब्रुसेल्समध्ये पारदर्शकता नोंदवहीत फर्मची नोंद आहे का ते पाहा. नसेल तर आयोगातले वरिष्ठ भेट देत नाहीत.

जिनिव्हाचा फेरा

एकाच प्रदेशाला नावाने सवलत द्यायची तर इतर देश विचारणार, आम्हाला का नाही? युरोपने अमली पदार्थांशी झुंजणाऱ्या ठरावीक बारा देशांना, त्यात पाकिस्तानला, जादा सवलत दिली होती. भारताने तक्रार केली आणि एप्रिल 2004 मध्ये जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेच्या अपिलीय मंडळाने ठरवलं की वेगळी वागणूक देता येते, पण निकष वस्तुनिष्ठ हवेत आणि यादी बंद नको. म्हणजे तुमच्या प्रदेशाचं वेगळेपण अशा निकषात मांडावं लागेल जो दुसराही कोणी पूर्ण करू शकेल. ते जमत नसेल तर वेव्हर, म्हणजे खास सूट.

वेव्हरची विनंती वस्तू व्यापार परिषदेकडे जाते, तिथे नव्वद दिवसांत विचार होतो. नियमात तीन-चतुर्थांश मतं, प्रत्यक्षात सर्वसहमती. म्हणजे एका देशाचा हात वर गेला तरी अडतं. 2010 च्या पुरानंतर युरोपने पाकिस्तानला 75 टॅरिफ लाइनवर (शुल्काच्या तक्त्यातल्या मालाच्या ओळी) सवलत जाहीर केली. भारत आणि बांगलादेश यांच्या आक्षेपांमुळे प्रकरण लांबलं, काही ओळींवर कोटा आला, फेब्रुवारी 2012 मध्ये वेव्हर मिळालं, आणि सवलत लागू झाली ती 15 नोव्हेंबर 2012 ला, जेमतेम तेरा महिन्यांसाठी. पूरग्रस्तांना तातडीची मदत म्हणून सुरू झालेल्या गोष्टीला दोन वर्षं लागली, हे वेळापत्रक आखताना ध्यानात ठेवा.

अर्धं मिळालं तर

1971 मध्ये युरोपीय समुदायाच्या योजनेत हाँगकाँग आलं, पण कापड आणि पादत्राणं वगळून. त्याची निर्यात पाहता मोठा घास ताटाबाहेरच राहिला. तरी ते स्वीकारणं बरोबर होतं, असं आम्हाला वाटतं: एकदा परिशिष्टात नाव आलं की पुढची मागणी ‘आत घ्या’ अशी नसते, ‘ही ओळ जोडा’ अशी असते, आणि तिला राजकीय विभागाची संमती लागत नाही.

केसोंगची यादीही अशीच वाढली. सिंगापूरने 2006 मध्ये फार मोठी यादी मान्य केली, आसियानशी झालेल्या करारात शंभर वस्तूंची यादी आली, भारताशी झालेल्या 1 जानेवारी 2010 च्या करारात 108 वस्तूंची. अमेरिकेने मात्र दार उघडलं नाही. 15 मार्च 2012 रोजी अमलात आलेल्या करारात परिशिष्ट 22-ब खाली समिती नेमली आणि अण्वस्त्रमुक्ती, आंतर-कोरियन संबंधांवर परिणाम, कामगार आणि पर्यावरण मानकं अशा अटी घातल्या. ‘समिती नेमू’ हे उत्तर आलं की समितीच्या बैठकीची तारीख, तिने निर्णय द्यायची मुदत आणि मुदत टळल्यास काय, हे तिन्ही लिहून घ्या. फेब्रुवारी 2016 मध्ये सोलने केसोंगच बंद केलं. एकाच औद्योगिक क्षेत्राच्या नावावर कलम बांधलं की ते क्षेत्र बंद पडताच कलमही मरतं. मसुद्यात ‘अशी क्षेत्रं’ असा अनेकवचनी शब्द ठेवा.

नाव आल्यानंतरचे पहिले सहा महिने

निर्यातदारांची नोंदणी ताबडतोब करा. युरोपच्या आरईएक्स (नोंदणीकृत निर्यातदार) पद्धतीत 6,000 युरोंपर्यंतच्या मालाला नोंदणीविना उगमाचं निवेदन चालतं, त्यापुढे नोंदणी हवी. कागद किमान तीन वर्षं ठेवायचे. आयात केल्यानंतरही युरोपीय कस्टम्स तीन वर्षांपर्यंत शुल्क वसूल करू शकतं, आणि ते वसूल होतं आयातदाराकडून. म्हणून नवे आयातदार विक्री करारात परतफेडीची हमी मागतात. छोट्या निर्यातदाराने ती डोळे मिटून देऊ नये; रकमेची मर्यादा आणि मुदत घालून द्यावी.

पहिली दहा-बारा खेपा एकाच बंदरातून, एकाच क्लिअरिंग एजंटकडून, सोप्या मालाच्या पाठवा. तिथल्या अधिकाऱ्याला शिक्क्याचे नमुने आधीच पोचलेत का याची खात्री करा; नमुना न पोचल्याने अडलेला माल ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत टाळता येण्याजोगी अडचण. माल तिसऱ्या देशातून जात असेल तर तिथे तो उघडला किंवा बदलला नाही याचा पुरावा, निदान थेट बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती), सोबत हवा.

आणि बाहेर पडायची तारीख पहिल्या दिवशीच कॅलेंडरवर लिहा. हाँगकाँग, सिंगापूर, दक्षिण कोरिया आणि तैवान यांना अमेरिकेने जानेवारी 1989 मध्ये जीएसपीतून वगळलं. युरोपने 1 मे 1998 पासून हाँगकाँग, सिंगापूर आणि दक्षिण कोरियाला. युरोपच्या सध्याच्या नियमात जागतिक बँकेच्या वर्गवारीत सलग तीन वर्षं उच्च-मध्यम उत्पन्न गटात किंवा त्यावर राहिलं की नाव जातं, निर्णयानंतर एक वर्षाची मुदत मिळते. सध्याची नियमावली 2027 च्या अखेरपर्यंत आहे. तिच्या नव्या मसुद्यावर काम करणारे अधिकारी कोण, याची यादी मोहीम संपल्याच्या आठवड्यातच करायला घ्या.